निळ्या विमानातला चहाडखोर

७ तारीख, शुक्रवार

पोचले एकदाची! पाच तास बोट हलली आणि पाच तास मी हलले, पण उलटी नाही झाली. दादाशी लावलेली पैज जिंकले. निघताना तो चिडवत होता की विमानं दुरुस्त करणारी बाई बोटीने जाते, म्हणजे न्हाव्याच्या दाढीला जंगल. त्याला म्हटलं, तिथली विमानं उडत राहावीत म्हणूनच चालले आहे बाबा.

बेट एवढंसं आहे. धक्का, मागे पन्नासेक घरं, एक शाळा, एक दवाखाना (त्यात कंपाउंडर असतो, डॉक्टर नसतो), आणि चढण संपली की माथ्यावर धावपट्टी. बोट फक्त शुक्रवारी. फोनला रेंज फक्त धक्क्याच्या टोकाला, तिकीटवाल्याच्या खोपटापाशी. औषधं, टपाल, अडलेली बाळंतीण, सगळं दोन छोट्या विमानांतून ‘पलीकडे’ जातं. किनाऱ्याला इथे पलीकडे म्हणतात. एक विमान पांढरं, एक निळं. दोन्ही एकाच माणसाची आणि उडवणाराही तोच. सगळे त्याला कॅप्टन म्हणतात.

कॅप्टन स्वतः धक्क्यावर आला होता. माझी हत्यारांची पेटी बोटीत चढवायला दोन माणसं लागली होती, ती त्याने एका हाताने उचलून जीपमध्ये ठेवली. पन्नाशीचा असेल, केस पांढरेशुभ्र, हसला की डोळे बारीक होतात. मला ‘मॅडम’ म्हणतो आणि वाक्य संपेपर्यंत ऐकून घेतो. आमच्या धंद्यात बाईला हे दोन्ही एकाच दिवशी मिळणं म्हणजे दिवाळीच.

खोली भांडाराच्या वरती. बाहेरून लाकडी जिना, खाट, टेबल, हात धुवायला बेसिन, आणि अख्खी धावपट्टी दिसेल अशी खिडकी. कॅप्टनच्या बायकोने धुतलेली चादर, आरसा आणि पेल्यात चार पिवळी फुलं ठेवली होती. सगळे तिला वहिनी म्हणतात, म्हणून मीही.

भांडार आणि पेट्रोल सांभाळणारे एक काका आहेत, पाय ओढत चालतात, मनगटावर फुटक्या काचेचं घड्याळ. किल्ली देताना त्यांनी विचारलं की मी अजून वर जाऊन आले नाही ना. म्हटलं, कामच ते, जावं लागेलच की. ते म्हणाले, जमेल तितकं टाळा.

म्हाताऱ्यांना विमानाची भीती असते. पण विमानतळावर नोकरी करणाऱ्या म्हाताऱ्यालाही असावी, ही गंमत.

८ तारीख, शनिवार

पांढरं विमान उघडलं. नियम असा आहे : येत्या एक तारखेपासून ज्या विमानात नवा ट्रान्सपॉन्डर नाही त्याने उडायचं नाही. जुना ट्रान्सपॉन्डर विचारल्याशिवाय बोलायचा नाही. नवा दर सेकंदाला, कोणी न विचारता, मी कोण, कुठे, किती उंचीवर, कुठल्या बाजूला चाललोय, सगळं सांगत सुटतो. पलीकडच्या नियंत्रण-कक्षात ते पडद्यावर उमटतं आणि तिथे कायमचं साठवलं जातं.

काकांना हे समजावून सांगितलं तर ते म्हणाले, म्हणजे चहाडखोर! आता मीही तेच म्हणते. चहाडखोराला दोन अँटेना लागतात. एक छतावर, जागा शोधायला. दुसरा पोटाखाली, ओरडायला. त्यासाठी खुर्च्या काढायच्या, जमिनीचे पत्रे उघडायचे आणि पोटातून तार न्यायची म्हटलं की कंबरेचा निकाल. पण दिवस छान गेला. पत्र्याखाली एक काचेची गोटी सापडली आणि कुणाचीतरी केसांची पिन.

११ तारीख, मंगळवार

काल कॅप्टनकडे जेवायला. मासे, भात, पलीकडून आणलेली सफरचंदं. त्याने स्वतः वाढलं. वहिनी पस्तिशीच्या असतील, नाकाचं हाड मधे वाकडं. बोलता बोलता मी विचारलं की पूर्वीचा इंजिनिअर कुठे गेला, कारण भांडारात त्याचे बूट अजून आहेत. वहिनींच्या हातातला चमचा थांबला. कॅप्टन म्हणाला, भित्रा होता, एक दिवस निघून गेला.

बूट ठेवून?

आज पांढऱ्याची चाचणी. कॅप्टन एकटाच उडाला, मी खाली माझ्या छोट्या रिसीव्हरवर बघत बसले. चहाडखोर पहिल्या झटक्यात बोलायला लागला! पडद्यावर एक टिंब, त्यामागे त्याची रेघ. पूर्वेला समुद्रात दोन खडक आहेत, तिथे त्याने एक चक्कर मारली आणि परत आला. उतरल्यावर बराच वेळ ती रेघ बघत राहिला. ही कोणाकोणाला दिसते, त्याने विचारलं. मी उत्साहात सांगितलं की ज्याच्याकडे असा रिसीव्हर आहे त्या कोणालाही, आणि पुसायची म्हटली तरी आपल्याला पुसता येत नाही.

तो म्हणाला, छान. मग पुन्हा एकदा म्हणाला, छान.

१४ तारीख, शुक्रवार

आज जे पाहिलं ते लिहून ठेवते, म्हणजे उद्या मला ते स्वप्न वाटणार नाही.

बोट आली. खोकी जीपमधून हँगरमध्ये उतरवत होते. एका हमालाच्या हातून निळ्या विमानाचं खोकं निसटलं. आतल्या यंत्राला काही झालं नसतं, भरपूर कापूस होता. कॅप्टन शांतपणे चालत गेला, भिंतीवरचा जीप ओढायचा लोखंडी आकडा काढला आणि हमालाच्या तोंडावर मारला. एकदाच. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज आला. दोन दात माझ्या बुटापाशी येऊन पडले. मी ओरडले. माझ्याशिवाय कोणीच ओरडलं नाही. बाकीचे खोकी उचलत राहिले.

मग कॅप्टनने त्या माणसाला धरून बसवलं, पाणी दिलं, आपल्या रुमालाने त्याची हनुवटी पुसली. आणि अगदी मायेने विचारलं, वर नेऊ का तुला?

तो माणूस बसल्या जागी मुतला.

मला कॅप्टन म्हणाला, माफ करा मॅडम, तुमच्या सामानाची मला काळजी. मी मान हलवली. मान हलवली! मला माझीच लाज वाटते.

बोट तोवर सुटली होती. निळ्याचं काम आठवड्यात उरकायचं आणि २१ च्या बोटीने जायचं. ठरलं.

१७ तारीख, सोमवार

निळं विमान उघडलं.

आधी उजव्या बाजूचं दार. त्याच्या बिजागऱ्यांच्या खिळ्या बदललेल्या आहेत. एक मूठ ओढली की उडता उडता दार निघावं अशी ती सोय. हवाई छत्री घेऊन उड्या मारणाऱ्यांच्या विमानात असते, टपालाच्या विमानात कशाला? दाराच्या चौकटीला आतून ओरखडे. रंग खरवडून खालचा धातू चमकतोय. चार चारच्या ओळी आहेत, खालून वर नव्हे, आतून बाहेर. मी बोटं त्यावर ठेवून पाहिली. बरोबर बसली.

मग खुर्च्या काढल्या, जमिनीचे पत्रे काढले. खाली काळपट, वाळलेला, पापुद्रे सुटणारा थर. तेल असं वाळत नाही. उजव्या खुर्चीच्या रुळात काहीतरी अडकलं होतं, चिमट्याने ओढलं. अख्खं नख होतं, मुळापासून निघालेलं, लाल पॉलिश लावलेलं.

काका दारात उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांनी दार लोटून घेतलं. मग सांगितलं, खालच्या आवाजात, पाठ भिंतीला टेकवून. कॅप्टनला कुणाचा संशय आला की तो त्याला वर नेतो. पूर्वेच्या खडकांवर. दार काढतो, समोरच्याचा पट्टा सोडतो, विमान उजवीकडे कलतं करतो आणि प्रश्न विचारतो. उत्तर पटलं तर खाली आणतो. काका दोनदा जाऊन आलेत. दुसऱ्या खेपेला चाकाच्या दांड्याला धरून लोंबकळले, तो पाय तेव्हाचा. जे परत आले नाहीत ते तिघं : कॅप्टनचा सख्खा धाकटा भाऊ, शाळेतल्या बाई, आणि माझ्याआधीचा इंजिनिअर. बाईंना लाल नखं आवडायची.

मी विचारलं, कोणी काही बोललं कसं नाही? काका म्हणाले, पोरी, बोटीला पाच तास लागतात. त्याला पंधरा मिनिटं.

१८ तारीख, मंगळवार

सकाळी धक्क्याच्या टोकाला जाऊन दादाला फोन लावला. सगळं सांगितलं. तो आधी हसला, म्हणाला रात्रंदिवस तारा जोडून तुझ्याच डोक्यातली एखादी तुटली असेल. मग मी रडायला लागले तेव्हा हसायचा थांबला. म्हणाला, काही करू नकोस, कुणाला काही बोलू नकोस, शुक्रवारी गुपचूप बोटीत बस.

फोन ठेवून वळले तर खोपटात तिकीटवाला उभा होता. तो कॅप्टनचा आतेभाऊ आहे हे मला आत्ता संध्याकाळी वहिनींकडून कळलं.

काका बोलले हे मी दादाला सांगितलं होतं. ‘काका’ असं म्हटलं होतं. मोठ्याने. 

१९ तारीख, बुधवार

काका गेले.

गेले नाहीत. मारले.

सकाळी दहाला कॅप्टन पांढरं विमान घेऊन निघाला होता. इंजिन चालू, चाकांना लाकडी ठोकळे लावलेले. ठोकळे काढायला काका नेहमी मागच्या बाजूने जायचे. आज कॅप्टनने आतून खूण केली, पुढून या. काका घुटमळले. त्याने पुन्हा खूण केली, हसत. काका वाकून पुढून गेले, पंख्याच्या अगदी जवळून, ठोकळा ओढला, आणि इंजिनाचा आवाज एकदम चढला. विमान दोन हात पुढे उडी मारून थांबलं. दोनच हात.

मी पंधरा पावलांवर होते. आधी त्यांचा खांदा गेला, हातासकट. ते सरळ उभे राहिले आणि आपल्या बाजूला बघायला लागले, जणू काही विसरलंय. मग पंख्याने त्यांना आत ओढलं. माझ्या चष्म्यावर गरम काहीतरी उडालं. हँगरचा पत्रा माझ्या डोक्यापेक्षा वरपर्यंत लाल झाला.

कॅप्टनने इंजिन बंद केलं, उतरला, खिशातून रुमाल काढून पंख्याचं पातं पुसलं आणि खाच पडली का ते बोट फिरवून पाहिलं.

बेटावरचा एकुलता हवालदार आला. वहीत लिहिलं : पाय घसरला. माझा जबाब घेतला नाही. मी बोलले होते. तीनदा बोलले. त्याने पेनाचं टोपण लावलं.

माझ्या कानामागे अजून रक्त निघतंय. कितीही धुतलं तरी.

२१ तारीख, शुक्रवार

गेले नाही. जाता आलं नाही.

बॅग घेऊन धक्क्यावर गेले, पेटी सोडूनच. फळीवर पाय ठेवला तर मागून जीप. कॅप्टन उतरला, मागोमाग वहिनी. वहिनींच्या डाव्या कानावर जाड पट्टी, त्यातून लाल पाझरत होतं. कॅप्टन माझ्याजवळ आला, बॅग माझ्या हातातून घेतली, जशी पाहुण्याची घेतात तशी. म्हणाला, निळ्याचं काम राहिलंय मॅडम. एक तारखेपासून नियम लागू. तुम्ही गेलात तर दुपारी मला हिला वर न्यावं लागेल.

वहिनी माझ्याकडे बघत नव्हत्या. पाण्याकडे बघत होत्या.

बोटीवर वीस माणसं होती. फळी काढली, बोट सुटली.

माझा फोन त्याने काढून घेतला. जीपमध्ये बसून माझ्याच फोनवरून दादाला लिहिलं : काम वाढलंय, २८ ला येते. मग मला वाचून दाखवलं आणि विचारलं, तू दादाला ‘अरे’ म्हणतेस की ‘अहो’.

आता मी ‘तू’ झाले.

२२ तारीख, शनिवार

त्याला काय हवंय ते आज कळलं. निळ्यात चहाडखोर बसवायचा, तपासणीला कागद मिळाला पाहिजे. पण खुर्चीखाली एक लपवलेलं बटण. दाबलं की चहाडखोर गप्प. पूर्वेच्या खडकांवर गप्प.

मी नाही म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. काकांमुळे असेल.

बाकाला लोखंडी वाइस आहे, ज्यात नळ्या आवळून धरतो. त्याने माझा उजवा हात धरला, दोन बोटं त्याच्या जबड्यात ठेवली आणि दांडा फिरवायला लागला. सावकाश. बोलत होता, माझ्या कामाचं कौतुक करत होता. पहिलं हाड मोडलं तो आवाज मी ऐकला, दुखणं नंतर आलं. मी हो म्हटलं. हो हो हो. त्याने आणखी एक पूर्ण फेरा दिला. म्हणाला, हा ‘नाही’ म्हटल्याचा.

एवढं लिहायला दोन तास लागले. डाव्या हाताने.

२४ तारीख, सोमवार

अक्षर कावळ्याच्या पायाचं. असू दे. तो वाचू शकणार नाही.

बोटं काळी. कंपाउंडरने लाकडाच्या पट्ट्या बांधल्या. विचारलं, तुम्हालाही वर नेलं होतं का? माझ्याकडे न बघता बोटं चार दाखवून गेला. चार वेळा?

काम करतेय. डावा हात आणि दात.

२५ तारीख, मंगळवार

बटण बसवलं. त्याने रिसीव्हर घेऊन स्वतः पाहिलं. दाबलं, टिंब गेलं. सोडलं, आलं. दहादा केलं. खूश. माझ्या डोक्यावर थोपटलं.

जमिनीवर पाहिलं त्याने. फक्त जमिनीवर.

वेग मोजायची जी नळी पंखात असते, तिला एक चिमुकली डबी जोडली आहे. वारा भरला की डबी आपोआप जोड देते. हवेत बटण दाबलं तर फक्त दिवा विझेल. चहाडखोर बोलतच राहील. खडकांवरची प्रत्येक चक्कर पलीकडे उमटेल, साठेल. कुठे शोधायचं ते कळेल. त्या तिघांना. आणि—

२६ तारीख, बुधवार

वहिनी पट्टी बदलायला आल्या. पहिल्यांदा दोघीच. त्यांनी सांगितलं : शुक्रवारी साडेदहाला तो तुला चाचणीला नेणार. काम झालं की नेतोच. इंजिनिअरलाही काम झाल्यावर नेलं होतं. परत आणणार नाही.

मी विचारलं, पळून लपले तर? म्हणाल्या, बेट केवढं आहे. आणि मग त्या जागेवर मी.

बोट शुक्रवारी अकराला सुटते. साडेदहा ते अकरा तो हवेत असेल. माझ्याबरोबर असेल. तेवढा अर्धा तास वहिनींचा. मी म्हटलं, जा. त्या रडल्या, नाही म्हणाल्या. मी ओरडले त्यांच्यावर. काकांचं काय झालं ते मी पाहिलंय, तुमचं बघायला लावू नका म्हटलं.

दादा बोटीवर असला तर त्याला ओळखायची खूण सांगितली. उंच, कपाळावर जखमेचा व्रण. मीच पाडलेला, लहानपणी, पाटीने.

२७ तारीख, गुरुवार

तयारी.

विमानाचं सुकाणू ओढणारी पोलादी केबल असते. बारीक, शिसपेन्सिलीच्या शिशाएवढी. दोन माणसांचं वजन सहज पेलते. भांडारातल्या गुंडाळीतून तीन हात कापून घेतली. एक टोक माझ्या कंबरेला, कपड्याच्या आतून, तीन वेढे, पक्कं दाबून टाकलंय. सुटणार नाही. मलाही सोडता येणार नाही. दुसऱ्या टोकाला आकडा, त्याच्या पट्ट्यात अडकवायला.

त्याच्या खुर्चीचा पट्टा जमिनीत दोन बोल्टनी असतो. बोल्ट काढले. जागी तांब्याची तार. हाताने ओढली तर टिकते, मी ओढून पाहिली, पाय लावून. पडणाऱ्या माणसाच्या झटक्याने तुटेल, आणि तो माझ्यामागे बाहेर. त्याचं दार, त्याचा हात, त्याचा झटका.

त्याने दार उघडलं नाही तर काहीच होणार नाही. दोघं खाली येऊ. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगते. मी त्याला मारत नाहीये.

मारतेय का—

जेवले नाही. झोप नाही. हात ठणकतोय.

२८ तारीख, शुक्रवार

१०.२५. विमानात. आकडे टिपायला वही लागते म्हटलं, हो म्हणाला. बसताना यंत्राची तार जोडते म्हणून वाकले. आकडा त्याच्या पट्ट्यात अडकवला. टक् असा आवाज झाला. त्याने विचारलं, झालं? म्हटलं, झालं.

पट्टा ओढून पाहिला त्याने. टिकला.

१०.३१. उडालो. उंची चारशे. पाचशे. चहाडखोर बोलतोय. हिरवा दिवा.

१०.३८. दीड हजार. धक्का दिसतो. बोट लागली आहे. फळीवर माणसं, मुंग्यांएवढी. वहिनींची निळी साडी? नाही कळत—

तो गाणं गुणगुणतोय.

१०.४४. खडक. त्याने खुर्चीखाली हात घातला. दिवा गेला. माझ्याकडे बघून हसला. आता कोणी बघत नाही, म्हणाला.

बघताहेत.

१०.४७. दुसरी चक्कर. विचारतो, दादाला काय काय सांगितलंस. म्हटलं सगळं. विचारतो, बटणाचं? नाही. ते त्याला पटलं.

वेळ काढते. अकरा वाजू देत. अकरा—

१०.५३. प्रश्न विचारतोय तेच तेच. मी मुद्दाम चुकीचं सांगते, मग बदलते. त्याला मजा येतेय. त्याच्या मनगटाला काकांचं घड्याळ

१०.५९. लांब, पांढरी रेघ पाण्यावर. बोट सुटली. बोट सुटली वहिनी

त्यानेही पाहिलं. म्हणतो, आज पाच मिनिटं लवकर. त्याला माहीत नाही कोण आहे तिच्यावर—

११.०२. मूठ ओढली. दार गेलं. एकदम आवाज फक्त आवाज. पानं फडफडत—

माझा पट्टा सोडला. विमान उजवीकडे. खाली पाणी, सरळ खाली. म्हणतो शेवटचा प्रश्न, भीती वाटते का

हो

पाय माझ्या कुशीत लावलाय त्याने. दोन्ही पाय. त्याला अजून केबल दिसलेली ना